न्यूटनची वलये आणि माझे जास्तीचे सव्वादोनशे अँगस्ट्रॉम

सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), हे प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्याआधीच सगळ्यांना पाठ असतं. मलाही होतं. तरी न्यूटनच्या वलयांवरून ती मोजायच्या प्रयोगात माझं उत्तर आलं ६१२०. पुन्हा सगळी रीडिंग घेतली, पुन्हा ६१२० च्या आसपासच. आपल्याला प्रॅक्टिकल जमत नाही, असं त्या दिवसांत मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. तुमच्यापैकी कुणी आज त्याच जागी असेल, तर हे तुमच्यासाठी.

मांडणी तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही: सपाट काचेवर बहिर्वक्र भिंग, वरून सोडियमचा प्रकाश, आणि दोन्हींमधल्या हवेच्या थरामुळे दिसणारी वलयं, ज्यांचे व्यास मायक्रोस्कोपने मोजायचे. सोडियम लॅम्प पूर्ण पिवळा होईपर्यंत थांबा आणि मध्येच बंद करू नका. गरम लॅम्प लगेच पेटत नाही. वलयं दिसत नसतील तर आधी प्रकाश भिंगावर वळवणारी ४५ अंशांची काच हळूहळू फिरवून बघा.

मधला ठिपका काळ्याऐवजी उजळ दिसला म्हणून घाबरू नका. भिंग आणि सपाट काच यांच्यामध्ये धुळीचा कण असला की भिंग किंचित उचललं जातं आणि सगळ्या वलयांच्या व्यासवर्गांतून (व्यासाच्या वर्गांतून) सारखीच रक्कम वजा होते. आपण दोन व्यासवर्गांतला फरक घेतो आणि त्याला ‘४ × भिंगाची वक्रतात्रिज्या × वलयांच्या क्रमांकांतला फरक’ याने भागून तरंगलांबी काढतो; त्या फरकात ती रक्कम निघून जाते. काचा पुसा, पण त्या ठिपक्यापायी तास घालवू नका.

याच गोष्टीने मला फसवलं. ‘फरक घेतला की चुका निघून जातात’ एवढंच डोक्यात बसलं. मी केंद्रापासून सुरुवात करायचे, डावीकडे विसाव्या वलयापर्यंत रीडिंग घेत जायचे, मग स्क्रू उलटा फिरवून केंद्रावर यायचे आणि उजवीकडे रीडिंग घ्यायचे. अगदी नीटनेटकं वाटायचं.

मायक्रोस्कोपच्या स्क्रूच्या आट्यांमध्ये थोडी फट असते. दिशा उलटी केली की ती फट भरेपर्यंत स्क्रूची आकड्यांची चकती फिरते, आकडा बदलतो, पण मायक्रोस्कोप जागचा हलत नाही. हाच बॅकलॅश. माझ्या मायक्रोस्कोपवर तो ०.२ मिलिमीटर होता. डावी रीडिंग एका दिशेने आणि उजवी दुसऱ्या दिशेने घेतल्यामुळे माझा प्रत्येक व्यास ०.२ मिलिमीटरने मोठा आला.

आता आकडे बघा. भिंगाची वक्रतात्रिज्या १ मीटर धरा. विसाव्या वलयाचा खरा व्यास ६.८७ मिलिमीटर, दहाव्याचा ४.८६. वर्गांतला फरक २३.५८. दोन्हींत ०.२ मिळवा: ७.०७ आणि ५.०६. वर्गांतला फरक २४.३८. तरंगलांबी ५८९५ वरून थेट ६०९५! चूक व्यासात सारखी होती, व्यासाच्या वर्गात नव्हती. वर्ग करताना येणारं ‘दोन गुणिले व्यास गुणिले चूक’ हे पद मोठ्या वलयाला मोठं असतं, म्हणून ते फरकात जात नाही. हे कागदावर एकदा स्वतः सोडवा. वाचून पटतं, पण हातात उतरत नाही.

म्हणून केंद्रापासून मोजत चोविसाव्या वलयापर्यंत जा, तिथून परत फिरा आणि पहिलं रीडिंग विसाव्यावर घ्या. मग केंद्र ओलांडून पलीकडच्या विसाव्यापर्यंत एकाच दिशेने. क्रॉस-वायर (मायक्रोस्कोपमधून दिसणारी फुलीची रेघ) वलयाच्या पुढे गेली तर ‘एवढंसं मागे घेते’ हे अजिबात चालणार नाही. ते वलय सोडून द्या. आतली पहिली तीनही सोडा, ती इतकी रुंद असतात की मधोमध नेमकं कुठे हे ठरत नाही.

ही चूक मला कुणी सूत्र शिकवून दाखवली नाही. एक प्रयोगशाळा सहायक माझ्या शेजारी उभे राहिले, वहीकडे पाहिलंच नाही, फक्त माझ्या हाताकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “उलटा का फिरवलास?” वही तपासणाऱ्यापेक्षा हात बघणारा माणूस शोधा, हे माझं ठाम मत आहे. आणि सीनियरची वही घेऊच नका. त्यातल्या रीडिंगमधून ५८९३ येतं, कारण ती ५८९३ वरूनच उलटी काढलेली असतात.

उत्तर चुकलं तर सरासरीकडे नको, जोड्यांकडे बघा, म्हणजे ज्या दोन-दोन वलयांच्या व्यासवर्गांतला फरक घेतला त्यांच्या वेगवेगळ्या उत्तरांकडे. माझ्या चौथ्या-चौदाव्या जोडीचं उत्तर ६१६० च्या आसपास होतं, सातव्या-सतराव्याचं ६१२०, दहाव्या-विसाव्याचं ६०९५. बाहेर जाल तसं उतरत जाणारं. व्यासात स्थिर चूक शिरली की असंच दिसतं. सगळ्या जोड्या सारख्याच प्रमाणात चुकल्या असतील, तर संशय वक्रतात्रिज्येवर घ्या. स्फेरोमीटरच्या (वक्रता मोजायच्या तीन पायांच्या उपकरणाच्या) पायांतलं अंतर ४ सेंटिमीटर असेल, तर १ मीटर त्रिज्येच्या भिंगाच्या फुगवट्याची उंची जेमतेम ०.२७ मिलिमीटर भरते. त्यात ०.०१ मिलिमीटरची चूक म्हणजे उत्तरात जवळजवळ चार टक्के. तिथे हात कितीही स्थिर असला तरी उपकरणाचीच मर्यादा आड येते. त्यात तुमचा दोष नाही. चूक किती असू शकते याचा अंदाज वहीत लिहा आणि पुढे चला.

एकाच दिशेने घेतलेल्या रीडिंगवरून माझ्या जोड्या ५८६० ते ५९३० मध्ये कधी वर, कधी खाली पडल्या. उतरती रांग मोडली होती. सरासरी काढण्याआधीच मी सहायकांना बोलावून तो तक्ता दाखवला.