घरातल्या कुंड्यांवरचा लाल कोळी असा आटोक्यात आला

मार्चपासून नाशिकची हवा कोरडी पडली की खिडकीजवळच्या पामवर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड, हमखास येतो. पानावर फिकट बारीक ठिपके दिसले, की खाली पांढरा कागद धरून पानाला टिचकी मारा. कागदावरचे कण चालू लागले तर कोळीच. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारू नका, त्याने कोळी मरत नाही, उलट वाढू शकतो. मी आधी पानांची खालची बाजू नळाच्या धारेने धुतली. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल. तेल आधी २ मिली लिक्विड साबणात नीट घोटायचं, नाहीतर ते वर तरंगतं आणि पानं भाजतात. फवारणी संध्याकाळीच. अंडी वाचतात, म्हणून दर ५ दिवसांनी, तीनदा. द्राक्षबागेतलं उरलेलं गंधक उन्हाळ्यात वापरू नका, पानं करपतात.