स्वतःचं स्वतः शिकायचंय? मग असं सुरू करा

आधी एकच गोष्ट धरा, आणि ती "इंग्लिश सुधारायचंय" अशी मोघम नको, "दोन महिन्यांत मीटिंगमध्ये पाच मिनिटं न अडखळता बोलायचंय" अशी हवी. क्लासची फी भरायच्या आधी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून एखादं जुनं पुस्तक आणा, किंवा १८४८ पासून चालू असलेलं पुणे नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय आहेच की.

आता खरी गंमत. थोडं वाचलं की पुस्तक मिटायचं आणि आठवेल तेवढं कागदावर लिहायचं, सुरुवातीला जेमतेम चार ओळी येतात, वाईट वाटतं, पण तेव्हाच कळतं की आपल्याला काय येत नाहीये. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जोरात होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने परत तेच करायचं.

आणि रविवारी वहीत लिहा, कुठे अडलो, कोणाला विचारायला लाजलो. माझ्या मते माणूस इथेच बदलतो, कारण अडलेलं मान्य करायची सवय लागली की घरातही "माझं चुकलं" म्हणणं सोपं जातं. महिनाभराने तीच गोष्ट धाकट्या भावंडाला शिकवून बघा.