टेबलावर चालतं, घरी तुटतं

गिऱ्हाईक ‘वायफाय मधेच जातं’ म्हणालं की नवशिक्या दुरुस्तीवाल्याचा हात आपोआप ड्रायव्हरकडे, म्हणजे वायफाय कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जातो. माझाही गेला होता. पुण्यातल्या तपकीर गल्लीत एका दुकानात शिकाऊ म्हणून लागून मला दोन महिने झाले होते आणि एका क्लासवाल्या सरांचा लॅपटॉप तिसऱ्यांदा माझ्या टेबलावर आला होता. सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, तुमच्या दुकानात चालतो. माझ्या घरी नाही चालत." हे ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. मी ऐकत नव्हते.

पहिल्या खेपेला मी जुना ड्रायव्हर काढून लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा टाकला आणि पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्या’ ही टिक काढली. हे तुम्हालाही माहीत असेल, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतंही. (एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट करणारी सॉफ्टवेअरं मात्र माझ्यासमोर काढू नका. त्यांनी बिघडवलेलं निस्तरण्यात माझे कित्येक शनिवार गेलेत.) दुसऱ्या खेपेला वायफायचं कार्डच बदललं. कार्ड मागवताना जपा: इंटेलचं एएक्स200 आणि एएक्स201 दिसायला जुळी भावंडं, पण 201 ला त्याच कंपनीच्या ठरावीक प्रोसेसरची साथ लागते. भलत्या लॅपटॉपमध्ये बसवलंत तर वायफाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये उगवणारच नाही.

आता मी जिथे फसले ते. दुकानाचा राउटर माझ्या टेबलाच्या वर, हातभर अंतरावर भिंतीला ठोकलेला. लॅपटॉपचा अँटेना कार्डात नसतो. बहुतेक मॉडेलांत तो स्क्रीनच्या कडेला असतो आणि तिथून दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. एक वायर तुटली तरी कार्ड दुसरीवर चालतं. दुसरीही अर्धवट असली तरी राउटर डोक्यावर असेल तर सिग्नल मिळतोच. म्हणजे टेबलावर काड्या पूर्ण, यूट्यूब झकास, आणि आपण छाती काढून सांगतो, "झालं सर, घेऊन जा." मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा बिल घेऊन.

तिसऱ्या खेपेला वैतागून लॅपटॉप घेऊन मी जिन्यात जाऊन बसले. मध्ये दोन भिंती. मांडीवर ठेवून कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ (netsh wlan show interfaces) मारलं. सिग्नल 61 टक्के. ऊन पडत होतं म्हणून स्क्रीन थोडी मागे कलवली, पुन्हा तीच कमांड, 23. स्क्रीन सरळ, 58. मागे, तुटलंच. सर शिकवताना कॅमेऱ्यात चेहरा नीट यावा म्हणून स्क्रीन मागे कलवत असणार. माझ्या टेबलावर ती कायम काटकोनात उभी. बिजागरीचं झाकण काढलं तर एका वायरीचे दोन तुकडे झालेले आणि दुसरीची साल सोललेली.

घाबरू नका, दर वेळी इतकं आत शिरावं लागत नाही. आधी कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्यांत पिंग लावा (समोरून उत्तर येतंय का ते बघणारी कमांड), एकीत राउटरला, दुसरीत 8.8.8.8 ला, म्हणजे इंटरनेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला. राउटरचं चालू राहून बाहेरचं थांबलं तर लॅपटॉप निर्दोष, इंटरनेटवाल्याला फोन करा. राउटरचंच थांबलं आणि शेजारचा मोबाइल मजेत असेल, तर दोष लॅपटॉपकडे. ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ (netsh wlan show wlanreport) ही कमांड ॲडमिन म्हणून चालवली की मागच्या 3 दिवसांत कधी आणि का तुटलं याचा तक्ता मिळतो. गिऱ्हाइकाच्या आठवणीपेक्षा तो बरा. आणि यूएसबी 3.0 ची हार्ड डिस्क लावल्यावरच 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय रडत असेल, तर ती डिस्क किंवा तिची केबल लांब सरकवून बघा किंवा 5 गिगाहर्ट्झवर जा.

उघडलंतच तर बॅटरीचा कनेक्टर आधी काढा. आधी म्हणजे आधी. अँटेनाची टोपणं चिमट्याने ओढू नका, सरळ वर उचला. ती जेमतेम 30 वेळा लावण्या-काढण्याच्या हिशेबानेच बनवलेली असतात.

आमच्या दुकानाचे दादा हुशार, पण त्यांचा एकच मंत्र होता, "फॉरमॅट मार, जाईल." हात त्यांच्याकडून जरूर शिका. पण दोष शोधायला शिकायचं तर गिऱ्हाइकाला विचारा, लॅपटॉप घरात कुठे ठेवता, कसा धरता.

नवी वायर टाकल्यावर मी सरांना जिन्यात नेलं आणि म्हटलं, "घरी धरता तसा धरा." त्यांनी पायरीवर बसून स्क्रीन मागे कलवली, पाच मिनिटं व्हिडिओ बघितला आणि विचारलं, "किती झाले?" दादांनी काउंटरवरूनच हात हलवला. पहिली दोन बिलं त्यांनाही आठवत होती.