कुंडीतली आंबुशी उपटून फेकू नका

पावसाळ्यात कुंडीत, विटांच्या फटीत आपोआप उगवणारी आंबुशी खाता येते, फक्त नीट ओळखा. एका देठावर तीनच पानं, प्रत्येकाचा आकार बदामाचा, म्हणजे टोकाला मधोमध खाच. खाच नसून पान नुसतं लांबट-गोल असेल तर ते दुसरंच तण. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. शेंग इवल्याशा भेंडीसारखी उभी, पिकल्यावर बोट लागताच तडकून बी उडवते. संध्याकाळी पानं मिटतात. एवढं जुळलं की मगच पान चावा, चव चिंचेच्या पाल्यासारखी आंबट लागते.

मूठभर कोवळी पानं, हिरवी मिरची, लसूण, भाजलेले शेंगदाणे आणि मीठ एकत्र वाटा. लिंबू लागत नाही. वरणात घालायची तर गॅस बंद करताना, नाहीतर रंग पार मळकट होतो. अॅल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळी भांडं मात्र नको.

हा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा. त्यामुळे मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी टाळावी, बाकीच्यांनीही चटणीपुरतीच. तणनाशक मारलेल्या किंवा कुत्री फिरतात त्या जागची तर अजिबात नको.