बोर्डिंगातली पोरं काय जेवायची? : इतिहासाचं काम हाती घेणाऱ्यांसाठी

सत्तावीस वर्षं मी कोल्हापुरात शाळेत इतिहास शिकवला. आता निवृत्तीनंतर दर आठवड्याला कुणीतरी दारात येतं. "बाई, आमच्या तालमीचा इतिहास लिहायचाय." "आमच्या घराण्याचं काहीतरी करायचंय." त्यांना मी आधी एकच सांगते, विषय घेऊन येऊ नका, प्रश्न घेऊन या.

'राजर्षी शाहूंचं शैक्षणिक कार्य' हा विषय झाला. त्यावर जन्मभर वाचलं तरी कुठं थांबायचं ते कळत नाही. माझा प्रश्न होता, १९१२ च्या सुमाराला कोल्हापुरातल्या बोर्डिंगात राहणारी खेड्यातली पोरं रोज काय जेवायची? माझे आजोबा त्यातलेच एक. प्रश्न एवढा लहान झाला की कोणता कागद हवा ते लगेच दिसतं. मला भाषणं नको होती, कोठीचा हिशेब हवा होता.

कागदाच्या मागं लागण्याआधी छापील वाचून घ्या. १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटिअर, शिवाजी विद्यापीठानं काढलेले शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांचे खंड, आणि तुमच्या विषयावर आधी कुणी लिहिलं असेल ते. पण जे सगळे सांगतात ते मूळ मजकुरात एकदा तपासाच. संस्थानच्या नोकऱ्यांबद्दलचा शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा घ्या. 'महाराजांनी निम्म्या जागा राखून ठेवल्या' असं आपण सहज म्हणतो. मजकूर वाचला तर तो हुकमानंतर रिकाम्या होणाऱ्या जागांबद्दल आहे. त्यातल्या शेकडा पन्नास मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. आणि मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे. एवढा फरक कळला की पुढचे किती प्रश्न सुटे होतात बघा.

दप्तरात, म्हणजे जुने सरकारी कागद ठेवलेले असतात तिथं, जाताना पेन्सिल न्या, शाईचं पेन नको. फोटो परवानगी विचारूनच काढा, आणि पहिला फोटो रुमालावरच्या चिठ्ठीचा. (रुमाल म्हणजे कागद बांधलेलं फडकं, आणि तो गठ्ठासुद्धा.) माझ्या वहीत प्रत्येक टिपणावर रुमालाचा नंबर, पान, कागदावर जशी आहे तशी तारीख आणि शेजारी इसवी सन असतो. हे त्याच दिवशी लिहायचं. सहा महिन्यांनी ते पान पुन्हा सापडत नाही.

मोडी लिपीला पर्याय नाही, जुने कागद तिच्यातच असतात. रोज वीस मिनिटं दिलीत तर काही महिन्यांत छान हात बसतो. आधी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहिलेलं असतं, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. त्यामुळं मोठ्यानं वाचा, कानाला शब्द आधी कळतो. तारखांचंही तसंच. फसली साल, म्हणजे जुन्या कागदांतलं महसुली वर्ष, मृगाला, जूनमध्ये सुरू होतं. आकड्यात ५९० मिळवले की जून ते डिसेंबरचा इसवी सन येतो, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ५९१ मिळवायचे. फसली १३२२ म्हणजे १९१२-१३.

मला हवा तो हिशेब दप्तरात नव्हताच. तो निघाला शुक्रवार पेठेतल्या एका घरात, त्यांचे पणजोबा बोर्डिंगच्या कोठीवर होते. २००५ आणि २०१९ च्या महापुरात घरात पाणी आलं तेव्हा त्या माणसांनी वह्या माळ्यावर चढवल्या, म्हणून त्या राहिल्या. नदीकाठच्या पेठांत तुमच्या ओळखीचं घर असेल तर आज जाऊन विचारा, पुढच्या पावसाची वाट बघू नका.

त्या कीर्दीतल्या (कीर्द म्हणजे रोजच्या हिशेबाची वही) एका पानावर ज्वारीच्या चार नोंदी होत्या. मी २, ३, १, २ अशा वाचल्या. बेरीज आठ मण, आणि खाली कारकुनानं लिहिलेले नऊ. मी टिपणात 'कारकुनाची चूक' असं लिहूनसुद्धा टाकलं. रात्री फोटो मोठा करून पाहिला तेव्हा आकड्यांपुढच्या उभ्या रेघा दिसल्या. त्या मी विरामचिन्हं समजले होते. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणजे नोंदी अशा होत्या : २॥, ३, १॥।, २. बेरीज ९। मण, सव्वानऊ. कारकून बरोबर होता. तेव्हापासून जुन्या माणसाची चूक दिसली की मी आधी माझं वाचन तपासते. आणि हिशेबाच्या पानाची बेरीज स्वतः करते, कारण वाचन चुकलं की तीच पहिल्यांदा सांगते.

कागदाबरोबर माणसंही ऐका. १९४० नंतर बोर्डिंगात राहिलेले एक आजोबा मला भेटले. त्यांना साल विचारलं तर आठवेना. "संस्थान इलीन झालं का न्हाई, त्याच्या आदल्या वर्साला मी भाइर पडलो," म्हणाले. विलीनीकरण १ मार्च १९४९ चं, म्हणजे १९४८. वयस्कर माणसांना साल विचारू नका, पूर, लग्न, राज्यातली मोठी घडामोड विचारा. आणि "तुम्हाला भाकरीच मिळायची ना?" असं उत्तर तोंडात घालू नका. मी नुसतं "सकाळी काय असायचं?" विचारलं, तर त्यांनी वाढपी कुठं उभा राहायचा इथपासून सांगितलं. पण त्यांच्या आठवणीतली आमटी मी १९१२ च्या ताटात वाढली नाही. तीस-पस्तीस वर्षांचं अंतर आहे, दोन्ही वेगळं लिहिलं.

लिहिताना जिथं कागद गप्प आहे तिथं तसं सांगा. कीर्दीत ज्वारी, डाळ, मीठ, मिरची, तेल आहे. दुधाची नोंद नाही. म्हणून पोरांना दूध मिळत नव्हतं असं मी लिहिलं नाही. 'कोठीच्या हिशेबात दुधाची नोंद नाही' एवढंच लिहिलं, कारण दुधाचा खर्च दुसऱ्या खात्यावर पडत असू शकतो.

वही परत द्यायला गेले तेव्हा सगळ्या पानांचे फोटो पेनड्राइव्हवर घातले आणि लेखाची छापील प्रतही दिली. त्या घरातल्या आजींनी ज्वारीचं पान सुनेकडून वाचून घेतलं, मग आत जाऊन फडक्यात बांधलेला आणखी एक गठ्ठा आणला. "हे बी बघून ठेव बाई, कुणालाच वाचता येत न्हाई." वरच्याच पानावर फसली १३२४ आहे.