जलपर्णी काढताय? मग या चुका टाळा, नाहीतर महिन्याभरात परत तेच

फेब्रुवारी लागला की पवना, मुळा, इंद्रायणी, पुण्याकडच्या कुठल्याही नदीच्या पुलावरून खाली बघा, पाणी दिसतच नाही, क्रिकेट खेळायला उतरावं असं हिरवंगार ग्राउंड, म्हणजे जलपर्णी, पाण्यावर तरंगणारं तण. आमचा रविवारचा ग्रुप पवनेत उतरतो आणि खरं सांगायचं तर पहिले दोन सीझन आम्ही नुसता घाम गाळला.

सगळ्यात मोठी चूक टायमिंगची. डास वाढले, लोक ओरडायला लागले की मग एप्रिल-मेमध्ये मशीन उतरतं, तोवर जांभळी फुलं येऊन बी पडून गेलेलं असतं आणि ते बी तळच्या गाळात 15-20 वर्षं टिकतं. ऊन आणि सांडपाणी मिळालं की जलपर्णी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, त्यामुळे डिसेंबरात चार जण उरकतील त्या कामाला मेमध्ये पोकलेन पण पुरत नाही. पुरात वाहून जाईल म्हणून बसू नका, जाते ती खाली भीमेतून उजनी धरणाकडे, आणि बंधाऱ्याच्या कोपऱ्यात, झुडपांत अडकलेली पाच-पन्नास रोपं पाणी ओसरलं की नव्याने सुरू. दिवाळीनंतर एक चक्कर मारून तेवढी उचलली तरी अर्धं काम झालं.

दुसरं, उपटायची पद्धत. एक रोप हातात घेऊन बघा: फुगीर स्पंजसारखा देठ, खाली काळपट केसाळ मुळं, मध्ये बोटाएवढा गड्डा, आणि तिथून निघालेल्या आडव्या दांड्याच्या टोकाला लटकलेलं पिल्लू. आम्ही पानं धरून ओढायचो, देठ हातात यायचा आणि गड्डा पाण्यातच, त्याला परत कोंब! दाताळं मुळांच्या खालून घाला, अख्खं रोप उचला. सुरुवात वरच्या अंगाने करा आणि खाली बांबू-दोरखंडाचा आडवा बांध घाला, म्हणजे सुटलेले तुकडे तिथे अडकतात. पाणी गटाराचंच असतं, गमबूट-ग्लोव्हज शिवाय उतरायचं नाही, आणि गुंत्यात दिवड (पाण्यातला साप) निघाला तर घाबरू नका, बिनविषारी आहे, दुसरं काही वाटलं तर लांब व्हा.

काठावर ढीग लावून फोटो काढून घरी जाणं, हे तर सगळेच करतात. पाणी जरा वाढलं की ढीग परत नदीत. पण लगेच ट्रॉलीत पण भरू नका, जलपर्णीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, डिझेल जाळून पाणी वाहायचं कशाला? दोन दिवस निथळू द्या, मग पूररेषेच्या वर न्या.

तणनाशक मारायचा मोह सोडा. मेलेली जलपर्णी तळाला बसून कुजते, पाण्यातला ऑक्सिजन खाते आणि मासे मरतात, शिवाय खाली कुणीतरी तेच पाणी शेताला घेतंय. तिला खाणारे भुंगे असतात, 1980 च्या दशकात बाहेरून भारतात आणलेत, पण त्यांना जम बसवायला वर्षं लागतात. साठलेल्या तळ्यात ठीक, आपल्या नदीत पूर आला की रोपांसकट भुंगेही गेले.

काढलेल्या जलपर्णीचं खत बनतं, चांगलं बनतं, फक्त कंपन्यांचं पाणी येतं तिथली जलपर्णी भाजीपाल्याला नको, ती जड धातू शोषून घेते. फूल छान दिसतं म्हणून घरच्या टाकीत तर अजिबात आणू नका (आमच्यातल्याच एकाने आणलं होतं, असो).

एवढं करूनही परत येतेय? मग जिथे सगळ्यात दाट आहे तिथून काठाने वर चालत जा. आम्हाला शंभरेक पावलांवरच नाला सापडला, फेसाळ, प्रक्रिया न केलेलं मैलापाणी थेट नदीत. तिचं खाद्य तेच. तारीख-लोकेशनसकट फोटो काढून वॉर्ड ऑफिसला लेखी द्या, पोच घ्या, आणि तो नाला बंद होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी दाताळं घेऊन जायचं.