रेव्हिटमध्ये स्लॅब आणि छताच्या कडा काढताना या चुका टाळा

रेव्हिट या इमारतींचं त्रिमिती मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्लॅब एज (स्लॅबच्या कडेची पट्टी), फॅसिया (छताच्या कडेची फळी) आणि गटर (पावसाच्या पाण्याची पन्हळ) यांना स्वतःची अशी जागा नसते. ज्या फ्लोअरच्या किंवा रूफच्या कडेला ती लावली, ती कड सरकली की तीही सरकतात. तरीही काहीतरी वाकडं दिसलं की बहुतेकजण त्या कडेवरच हात चालवतात: ऑफसेट बदल, अँगल बदल, फ्लिप करून बघ. बिघाड सहसा होस्टमध्ये, म्हणजे कड ज्याच्यावर बसली आहे त्या फ्लोअरमध्ये किंवा रूफमध्ये असतो. म्हणून आधी फ्लोअर किंवा रूफचं स्केच तपासायचं, मग प्रोफाइल (कडेच्या छेदाचा आकार), आणि ऑफसेटच्या आकड्यांना हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.

स्केचमधली रेघ पुसून नवी काढणं

बाल्कनी १५० मिमी पुढे घ्यायची आहे. आपण एडिट बाउंड्री उघडतो, जुनी रेघ डिलीट करतो, नवी मारतो आणि हिरवी टिक देतो. बाहेर येऊन बघावं तर त्या बाजूचं स्लॅब एज गायब, किंवा ते डिलीट करू का असं विचारणारी खिडकी समोर. स्लॅब एज ज्या रेघेच्या आधारावर होतं ती रेघच आता उरलेली नाही. नवी रेघ दिसायला तशीच असली तरी रेव्हिटच्या लेखी ती परकी.

रेघ ओढून, मूव्ह किंवा अलाइन करून सरकवली की ओळख टिकते आणि कड मुकाट्याने मागे येते. मध्ये खाच काढायची असेल तर स्प्लिट आणि ट्रिम वापरा. नव्या तुकड्यांवरची कड ॲड ऑर रिमूव्ह सेगमेंट्सने जोडता येते. हीच शिस्त छतालाही लागू आहे. गटर बसवून झालेल्या रूफची एकच रेघ पुसली, तर त्या बाजूचं काम पुन्हा करावं लागतं.

जाडी कुठल्या दिशेने वाढते हे न बघणं

फ्लोअरचा वरचा पृष्ठभाग लेव्हलवर बसतो आणि जाडी खाली वाढते. फुटप्रिंटने, म्हणजे प्लॅनमधल्या बाह्यरेषेवरून केलेल्या रूफचं नेमकं उलट: खालची बाजू लेव्हलवर, जाडी वर. सपाट गच्ची कुणी फ्लोअरने काढतं, कुणी रूफने. दोन्ही चालतं, पण एकाच मॉडेलमध्ये दोन्ही मिसळले की एका जाडीइतका पातळीतला फरक सगळ्या सेक्शनमध्ये दिसतो.

समजा फ्लोअर १५० वरून २०० मिमी केला. कड वरच्या धारेला लावलेली असेल तर ती जागेवरच राहते आणि खाली ५० मिमी स्लॅब उघडा पडतो. खालच्या धारेला लावलेली असेल तर ती ५० मिमी खाली उतरते आणि उघडा भाग वर येतो. प्रोफाइलला स्लॅबची जाडी कळत नाही, प्रोफाइलची उंची आपणच टाइपमध्ये बदलायची. जी पातळी बदलणार नाही त्या बाजूची धार निवडलेली बरी. फ्लोअरसाठी बहुधा वरची.

उतारावर फॅसिया अपुरी पडणं

२०० मिमी जाडीचं छत, ३० अंशांचा उतार. फॅसियाचं प्रोफाइलही २०० मिमी उंच घेतलं, कारण छत तेवढंच जाड आहे. मग खालून ३१ मिमीची पट्टी डोकावत राहते. कारण सोपं आहे: रूफचा रॅफ्टर कट (छताची कड कापण्याची पद्धत) प्लंब, म्हणजे ओळंब्यात असेल, तर कडेची उभी उंची जाडीइतकी नसते. जाडीला उताराच्या कोनाच्या कोसाइनने भागायचं. २०० भागिले ०.८६६, म्हणजे २३१ मिमी. ४५ अंशांना हाच आकडा २८३ होतो.

रॅफ्टर कटचे आणखी दोन प्रकार आहेत: टू कट प्लंब आणि टू कट स्क्वेअर. टू कट स्क्वेअर घेतलं की कड उताराला काटकोनात कापली जाते आणि तिरपी दिसते. तिथे उभी फॅसिया लावायचा हट्ट धरू नये. दोन्ही टू कट प्रकारांत फॅसिया डेप्थ भरावी लागते, आणि ती शून्य ते छताची जाडी यांच्या दरम्यानच चालते. रॅफ्टर कट आधी पक्का करा आणि मग फॅसिया लावा. उलट क्रमाने केलं तर सगळं दोनदा होतं.

याहून जास्त डोकं खाणारी गोष्ट म्हणजे दोन बाजूंचे वेगवेगळे उतार. दोन्हीकडे ६०० मिमी ओव्हरहँग (भिंतीबाहेर येणारा छताचा भाग) ठेवला, एक बाजू ३० अंशांची आणि दुसरी ४५ ची. पहिली वळचण भिंतीपासून ३४६ मिमी खाली उतरते, दुसरी पूर्ण ६००. कोपऱ्यावर दोन गटरांत २५४ मिमीचा फरक पडतो आणि ती काही केल्या जुळत नाहीत. इथे गटरचा व्हर्टिकल ऑफसेट बदलणं म्हणजे निव्वळ मलमपट्टी. रूफच्या स्केचमध्ये जाऊन अलाइन ईव्ह्ज वापरा. ते दोन पर्याय देतं: उंची जुळवा किंवा ओव्हरहँग जुळवा. या उदाहरणात ४५ अंशांच्या बाजूचा ओव्हरहँग ३४६ मिमी केला की दोन्ही वळचणी एका पातळीत येतात. दिसायला कुठला पर्याय बरा हा डिझाइनचा प्रश्न आहे, आणि तो स्केच काढतानाच सोडवायला हवा.

कोपरे न मिटणं

एका कमांडमध्ये सलग धारा निवडल्या तर कोपऱ्यावर मायटर (तिरका सांधा) आपोआप होतो. मध्येच रीस्टार्ट केलं किंवा दुसऱ्या दिवशी उरलेली बाजू वेगळी लावली, तर ते दोन स्वतंत्र घटक होतात आणि कोपऱ्यावर एकमेकांत घुसतात. एक काढून टाका आणि दुसऱ्यात त्या बाजूचा सेगमेंट ॲड करा.

प्रोफाइल यादीत न दिसणं

प्रोफाइलची फॅमिली (त्याची फाइल) लोड झालेली आहे, पण टाइप प्रॉपर्टीजमध्ये नाव येत नाही. फॅमिली उघडून प्रोफाइल यूसेज बघा. तिथे गटर निवडलेलं असेल तर ते स्लॅब एजच्या यादीत येणार नाही. प्रोफाइल लागतं पण हवेत तरंगतं, अशी तक्रार असेल तर आकार दोन रेफरन्स प्लेनच्या छेदबिंदूपासून लांब काढलेला असतो. तो बिंदूच होस्टच्या धारेवर बसतो. आणि रेघांचं कडं पूर्ण बंद हवं, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा नकोत. साधारण ०.८ मिमीपेक्षा लहान रेघ रेव्हिट घेतच नाही, त्यामुळे उत्पादकाच्या कॅड फाइलमधून उचललेले बारीक गोलवे आधी साफ करावे लागतात.

सगळंच त्रिमितीत काढायचा मोह

कडेखालची पाणी तोडणारी १२ मिमीची खाच १:१०० च्या कागदावर ०.१२ मिमी येते, म्हणजे रेघेच्या जाडीत हरवते. १:५ च्या डिटेलमध्ये ती २.४ मिमी होते, तिथे मात्र ती दिसलीच पाहिजे. माझ्या मते खाच, फ्लॅशिंगची घडी, सीलंट हे सगळं डिटेल कंपोनंटने (फक्त त्या डिटेलमध्ये दिसणाऱ्या द्विमिती घटकांनी) ड्राफ्ट करावं. मॉडेलमध्ये तेवढंच ठेवावं ज्याने बाहेरून दिसणारी सावली किंवा काँक्रीटचं माप बदलतं.

सेक्शनमधली नको ती रेघ आणि हरवलेलं काँक्रीट

स्लॅब आणि त्याची कड एकसंध ओतायची आहे, पण सेक्शनमध्ये मध्ये रेघ दिसते. जॉइन जिओमेट्री करा. तरीही रेघ राहिली तर दोघांचं मटेरियल ताडून बघा. नावं मिळतीजुळती असून चालत नाही, मटेरियल एकच हवं. फ्लोअर पूर्ण करताना भिंतीशी होणारा ओव्हरलॅप कापू का, असा प्रश्न येतो, त्याला न वाचता नो दिलं तर तेवढा भाग भिंतीतही मोजला जातो आणि स्लॅबमध्येही.

स्लॅब एजचं माप फ्लोअरच्या शेड्यूलमध्ये (मापांच्या तक्त्यात) येत नाही, त्यांची कॅटेगरी वेगळी आहे. फॅसिया आणि गटरचंही तसंच. परिमाणं पाठवण्याआधी या तिन्हींची स्वतंत्र शेड्यूल्स काढा आणि स्लॅब एजचा व्हॉल्यूम फ्लोअरच्या व्हॉल्यूममध्ये हाताने मिळवा.